गायरान, सात फौजी आणि पाण्याची लेव्हल : प्रकल्प नोंदी

गावच्या गायरानावर आम्ही सात फौजींनी चर, झाडं आणि गवताचं जे काम केलं त्याची ही वही मी आधी स्वतःसाठीच लिहीत होतो. आता टाईप करून ठेवतोय कारण शेजारच्या दोन गावांतनं विचारणा झाली आणि फोनवर तेच तेच किती वेळा सांगणार.

मी मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आत-बाहेर. घरी आल्यावर अडीच वर्षं पुण्यात एका कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास ड्युटी केली. गेटच्या कामाला मी कमी लेखत नाही, पोरीचं कॉलेज त्याच्यावर झालं. पण आमच्या भागात गावोगावी फौजी आहेत, शिपाई असो की सुभेदार गाव त्याला मेजरच म्हणतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मेजरांना मी कुठल्या ना कुठल्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेलं बघितलंय. उन्हातान्हात राबायची सवय, नकाशा वाचायची सवय, मोजून-मापून काम करायची सवय, हे सगळं त्या केबिनमध्ये वाया जातं.

आणि आता २०२२ च्या अग्निपथ योजनेतली पहिली पोरं चार वर्षं पुरी करून २०२६ च्या शेवटाकडं बाहेर पडायला लागतील. शंभरातली पंचवीसपर्यंत कायम होतील, बाकीची ऐन विशी-पंचविशीत घरी, हातात सेवानिधीची एकरकमी रक्कम असंल पण पेन्शन नाही. त्यांच्यापुढं गेट सोडून दुसरं काय ठेवायचं? माती-पाणी-झाडं-गवत यातलं काम अंगाला लागलेलं असंल तर रोपवाटिका, पाणलोटाची कामं, वनखात्याची भरती, असे रस्ते आहेत. ते काम हातानं शिकवायचं म्हणून गावच्या ११ एकर गायरानावर हा प्रयोग.

२६ जानेवारी २०२५, रविवार

ग्रामसभेत विषय मांडला. मला वाटलेलं टाळ्या पडतील, झालं उलटं. दोघं-तिघं उठून म्हणले, मेजर, आज चर खणाल, उद्या तार ओढाल, परवा सातबाऱ्यावर नाव लावाल. राग आला पण त्यांचं चुकत नव्हतं, गायरानावरची अतिक्रमणं सगळ्यांनी बघितलीत. शेवटी ठरावात तीन गोष्टी लिहून घेतल्या, जमीन गावाचीच राहील, कुंपण घालायचं नाही, आणि चराई बंद करायची असंल तर पुन्हा सभेला विचारून. तुम्ही करणार असाल तर हे आधी लिहून घ्या, तोंडी होकारावर एक पाटी माती उचलू नका.

३ फेब्रुवारी

सात जण झाले. पाच रिटायर, दोन अजून सर्व्हिसमध्ये पण निवृत्ती जवळ आलेली आणि लांब सुट्टीवर आलेले. नावं लिहीत नाही, आम्ही एकमेकांना तशी हाकही मारत नाही. वडूजचा नायक (हा फौजेतला हुद्दा), औंधचा सिग्नलवाला, म्हसवडचा तोफखान्यातला, एएससीतला म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक खात्यातला ड्रायव्हर तात्या, बाकी मला धरून तिघं आमच्याच गावातले.

टिकाव, खोरी, पहारी, घमेली मिळून ९,४०० रुपये. बूट आणि फर्स्ट एड ७,०००. फौजेत ज्याला बेलचा म्हणतात त्याला इथं खोरं म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण उद्या गावातल्या मजुरांची टोळी हाताखाली आली तर भाषा त्यांची पाहिजे.

१० ते १९ फेब्रुवारी

हे दहा दिवस वाया गेले ते नीट लिहितो.

पावसाचं पाणी उतारावर थांबवून मुरवायला सलग समतल चर खणायचे होते, ज्याला सगळे सीसीटी म्हणतात, दोन फूट रुंद, एक फूट खोल. समपातळी काढायला ए-फ्रेम केली, साडेसात फुटी दोन बांबू, मध्ये आडवी काठी, वर खिळ्याला दोरी, दोरीला दगड. अंगणात सपाट फरशीवर उभी केली, दोरी जिथं आली तिथं आडव्या काठीवर खूण केली आणि निघालो. पाच दिवसांत ३४० मीटर चर. आखीव काम, बघणारे थांबून बघत होते.

सहाव्या दिवशी तात्या म्हणला पाणी सोडून बघू. १,२०० रुपयांचा टँकर आणला, पहिल्या चरात पाईप सोडला. पाणी थांबायला पाहिजे होतं, ते चालायलाच लागलं. शांतपणे पूर्वेच्या टोकाला गेलं, तिथं साठलं आणि बांध फोडून खाली नाल्यात. आम्ही सात जण चराच्या काठावर उभे, कुणी बोलंना.

चूक खुणेत होती. फरशी आपल्याला सपाट दिसते पण तिला पाणी जायला उतार असतोच. ए-फ्रेमची खूण करायची पद्धत अशी, दोन पाय जिथं टेकलेत तिथं खडूनं गोल करायचे, दोरीची खूण करायची, मग फ्रेम फिरवून डावा पाय उजव्याच्या जागी ठेवायचा, परत खूण करायची. दोन खुणांचा मध्य ती खरी लेव्हल. आम्ही एकदाच खूण केली. दोन मीटरच्या पावलाला एखादा सेंटीमीटर फरक होता, तो दिसत पण नाही, पण शंभर मीटरला पन्नास पावलं म्हणजे अर्धा मीटर. पाऊस पडला असता तर तोच चर नाला झाला असता.

दुसरी चूक जास्त खोल होती. चौघांनी माती चराच्या वरच्या अंगाला टाकलेली. विचारलं तर म्हणले मोर्चा खणताना माती पुढं टाकतात, शत्रू येतो त्या बाजूला. वीस वर्षं हात तेच शिकलाय. पाणी वरनं येतं म्हणून माती वर. इथं पाणी आत घ्यायचंय, अडवायचं नाही, माती उताराकडं खाली टाकायची आणि चराची कड आणि बांध यांच्यात फूटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर ओली झाली की माती परत चरात. भिंती पण सरळ उभ्या नकोत, थोडा ढाळ पाहिजे. मी आधी सांगायला पाहिजे होतं, मी गृहीत धरलं की खणणं तर सगळ्यांना येतंच.

सगळं बुजवून परत. नवीन लेव्हल हायड्रोमार्करनं काढली, दोन पट्ट्या आणि पारदर्शक नळी. नळीत बुडबुडा राहिला की रीडिंग खोटं येतं म्हणून दर वेळी दोन पट्ट्या शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय का बघायचं.

२४ फेब्रुवारी

रोपवाटिका. ६,००० पिशव्या भरायचं ठरवलं. पिशव्या ३,८००, शेडनेट ६,५००, दोन ट्रॉली शेणखत ९,०००, बी ४,२००. पहिल्या १,४०० पिशव्यांत तलावातला काळा गाळ घातला, फुकट मिळाला म्हणून.

६ मार्च

आज काम थांबवलं आणि बरं झालं थांबवलं.

वरच्या चार एकरावर झाडांसाठी खड्डे मारत होतो, १२० झाले होते. धनगरवाड्यावरचे आबा काठी टेकत आले. पोरं मेंढरं घेऊन बाहेर, आबा वयामुळं घरीच. बराच वेळ नुसते बघत बसले. मग एका खड्ड्यातनं निघालेलं ढेकूळ उचललं, त्यात गवताचं ठोंब होतं, ते माझ्या हातावर ठेवलं. म्हणले, "मेजर, हे काय हाय वळकलंस का? पवन्या. आन तिकडं मारवेल. ह्यो माळ मेलेला न्हाई, झोपलाय. झाडाची सावली पडली की ह्येच्यातलं एक ऱ्हानार न्हाई."

मी त्या ठोंबाकडं बघत राहिलो. वरनं वाळून पिवळंधमक, पण बुडाशी नखानं खरवडलं तर आत हिरवट ओल. मार्च महिन्यात, माणमध्ये, पाण्याचा थेंब नसताना. मुळ्या इतक्या दाट की माती झटकली तरी सुटंना. आम्ही खणून जे करायला निघालो होतो ते हे ठोंब फुकटात करत होतं, माती धरून ठेवत होतं.

आमच्या डोक्यात पर्यावरणाचं काम म्हणजे झाडं, फोटोत पण झाडंच असतात. कुसळीचा माळ सगळीकडं असतो, तो जनावरानं चांगलं गवत खाऊन संपवल्याची खूण, पण पवन्या आणि मारवेल शिल्लक असलेला माळ म्हणजे ठेवा आहे. खोकड, तितर, चंडोल त्याच्यावरच जगतात, आणि मेंढरं पण. १२० खड्डे हातानं बुजवले, ठोंबं परत लावली. चार एकर गवतालाच ठेवायचं ठरलं. झाडं फक्त खालच्या उघड्या मुरमाच्या उतारावर, चराच्या कडेनं आणि नाल्यालगत. आबांना विचारलं आठवड्यातनं एक दिवस येऊन पोरांना गवत शिकवाल का. आले. डोंगरी, शेडा, मारवेल, पवन्या, कुसळी, अशी पाच गवतं हातात देऊन ओळखायला लावली, परीक्षाच घेतली त्यांनी.

१४ मार्च, धुळवड

वणवा. पलीकडच्या डोंगरावरनं आला, कुणी पेटवला माहीत नाही. आमचा जाळपट्टा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवायचा पट्टा, काढायचा राहिला होता, तो गवत पुरतं वाळायच्या आत डिसेंबर-जानेवारीत काढायचा असतो आणि आम्ही कामच फेब्रुवारीत सुरू केलेलं. फौजी स्वभावाप्रमाणं आम्ही आगीच्या तोंडावर गेलो. गावातला एक जुना वनमजूर ओरडत आला, डोक्यावर जाऊ नका, जळलेल्या बाजूनं या, बगलेनं मारत या. करंजाच्या ओल्या फांद्या घेऊन दोन्ही बगलांनी आवळत आणली. पावणेदोन तास. दोन एकर गवत गेलं. सिग्नलवाल्याचा डावा हात पोळला, दहिवडीला नेऊन ड्रेसिंग केलं, तीन आठवडे तो खणायला नव्हता. नायलॉनची टी-शर्ट घालून आगीवर जायचं नाही, हा नियम त्या दिवशी झाला. सुती, पूर्ण बाह्या.

गवत परत येतं, मूळ जिवंत असतं. आबांनी सांगितलं तेव्हा जीव जरा खाली पडला.

२८ मार्च

गाळाच्या पिशव्यांतली रोपं मरायला लागली. वर पाणी साचून राहतं, वाळलं की दगड होतं, रोपाचं खोड मातीच्या लेव्हलला काळं पडून माना टाकतात. १,४०० मधली हजारभर गेली. आता दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत. गाळ शेताला घाला, पिशवीत नको.

कडुनिंबाच्या ९०० पिशव्यांत एक पण कोंब नाही. बी विकणाऱ्यानं ताजं म्हणून दिलं होतं. कडुनिंबाचं फळ आमच्याकडं जूनच्या सुमाराला पिकतं आणि बी दोन-तीन आठवड्यांत पेरलं नाही तर उगवण संपते. फेब्रुवारीत ताजं कुठनं येणार? हे विकत घेताना माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. बाभूळ आणि खैर चांगले आले, बाभळीच्या बियांवर गरम पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवलेलं.

२ एप्रिल

दर बुधवारी खणणं बंद, कागदांचा दिवस. आधी मला हा दिवस जड वाटायचा, आता वाटतं निम्मं ट्रेनिंग हेच.

सर्व्हिसमधल्या दोघांना पहिली गोष्ट सांगितली, निवृत्ती जवळ आली की पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या कोर्सला नाव युनिटमधनंच जातं, काही आठवड्यांपासून २४ आठवड्यांपर्यंतचे कोर्स असतात. घरी आल्यावर जाग येते तोवर संधी गेलेली असते. मी स्वतः तसाच आलो, सिक्युरिटीचा कोर्स केला कारण सगळे करत होते. रिटायर झालेल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र पक्कं ठेवायचं, राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण आहे त्याला तेच लागतं.

एका खाजगी संस्थेचा कडू अनुभव पण सांगून ठेवतो. वडूजच्या नायकानं तिथं पैसे भरून रोपवाटिकेचं सर्टिफिकेट घेतलेलं, तीन दिवस हॉलमध्ये पडद्यावर फोटो दाखवले, मातीला हात नाही. त्याला कलम बांधता येत नव्हतं. त्यामुळं आम्ही प्रत्येकाची वही केली, कोणत्या दिवशी किती मीटर चर, किती पिशव्या, उगवण किती, चूक काय. कुणी काम द्यायला आलं तर ती वही दाखवायची.

आणि इको बटालियनची माहिती दिली. बऱ्याच फौजींना पण हे ठाऊक नसतं की टेरिटोरियल आर्मीत पर्यावरणाच्या बटालियन आहेत, पहिली १९८२ ला गढवाल रायफल्सची, मसुरीचे चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर त्यांनी झाडांनी भरले. त्यांच्यात मुख्यतः माजी सैनिकांनाच घेतात. आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटची १३६ वी आहे. तात्याचे डोळे हे ऐकताना चमकले, तो परत परत विचारत होता, वर्दीत झाडं?

१९ एप्रिल

ऊन लय झालंय. साडेपाचला फॉलइन म्हणजे हजेरी, दहाला काम बंद. दिवसाला ७० मीटरवरनं ४० वर आलोय. रोजगार हमीचा दर आता ३१२ रुपये झालाय, आमच्या मापानं एका माणसाचं दिवसाचं काम तेवढ्यात बसतंय का हे औंधवाला रोज मांडून बघतो.

७ मे, बुधवार

पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. सहाच्या आत म्हसवडच्या तोफखान्यातल्याचा फोन वाजला. तो चरात उभा होता, बाराव्या लाईनीवर. बोलला, हो साहेब, जी साहेब, एवढंच. फोन खिशात घातला, खोरं मातीत रोवलं, बूट झाडले. म्हणला, "दादा, माझी लाईन तेवीस मीटरवर आहे. खुंटी हलवू नका." आणि मोटरसायकलवर बसून गेला, घरी जाऊन बॅग घेऊन दुपारच्या आत पुण्याकडं. दुसऱ्या सर्व्हिसवाल्याला रात्री फोन आला.

आम्ही पाच जण उरलो. त्या दिवशी काम झालं नाही. कुणी कुणाला घरी जा म्हणलं नाही, लिंबाखाली मोबाईल लावून बसून राहिलो. निवृत्त झालं तरी असल्या दिवशी माणूस निवृत्त नसतो. दहा तारखेला शस्त्रसंधी झाल्याचं कळलं तेव्हा म्हसवडवाल्याच्या आईला फोन केला, तिच्याकडं आधीच त्याचा येऊन गेलेला.

२६ मे

आमचा हिशोब होता ५ जूनपर्यंत २,४०० मीटर चर पुरे करायचे. पाऊस थांबला नाही. मे संपायच्या आतच, फलटण-माण भागात असा पाऊस की म्हातारी माणसं पण नवल करत होती. काल रात्रभर. सकाळी छातीत धडधडत वर गेलो.

१,९६० मीटर खणलेले. ते भरलेले होते. लांबच लांब, डोंगराच्या अंगानं वळत गेलेली पाण्याची रेघ, एका लेव्हलला. फेब्रुवारीतलं ते चालत गेलेलं पाणी डोळ्यांपुढं होतं, आणि हे पाणी उभं होतं. सिग्नलवाला पोळलेल्या हातानं चरात हात घालून बसला होता.

नऊ ठिकाणी बांध फुटले. सात जागी फूटभर जागा सोडलेली नव्हती, म्हणजे आमचाच आळस. दोन जागी उंदरांची बिळं. नाल्याकडच्या मोठ्या फुटीला जेसीबी लागला, सहा तास, ७,८०० रुपये. तेवीस मीटरची ती खुंटी तिथंच होती, लाईन अर्धीच, टोकाला पाणी अडून उभं.

२२ जून

लागवड. रोपं आहेत ३,८५०, लावली फक्त ६५०. पुष्कळ लोकांनी विचारलं बाकीची का ठेवली. चार महिन्यांचं वीतभर रोप माणच्या उन्हाळ्यात टिकत नाही, ते मोठ्या पिशवीत बदलून पुढच्या पावसाळ्याला लावायचं. लावली ती सगळी चराच्या बांधालगत, ओल राहते तिथं, खैर, बाभूळ, करंज, सीताफळ, बोर.

कडुनिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्या यंदा स्वतः वेचल्या. गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून आठवड्यात पेरल्या.

९ जुलै

निंबोळ्या उगवल्या. ६०० पिशव्यांत साडेचारशेच्या वर कोंब.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रामसभेत हिशोब वाचला. टँकर अकरा झाले, १३,२०० रुपये, चहा-नाश्ता १८,०००, सगळं मिळून ७८,९००. ४०,००० माझे, १५,००० यात्रा कमिटीचे, उरलेले बाकीच्या चार पेन्शनवाल्यांनी वाटून घातले. मजुरी यात धरलेली नाही, ती धरली तर आकडा कितीतरी वर जाईल, करणाऱ्यानं हे लक्षात ठेवून घर विचारून मगच उतरावं.

६५० मधली ५७१ रोपं जिवंत. खरं कळेल एप्रिलमध्ये. चार एकरावर गवत मांडीला लागतंय. चराई ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद, गवत कापून न्यायला सगळ्यांना मोकळीक, हा विषय आबांनीच मांडला म्हणून दोन मिनिटांत मंजूर झाला.

माणसांचं असं झालं. वडूजचा नायक वनरक्षक भरतीच्या मागं लागलाय, पाच किलोमीटर तीस मिनिटांत लागतं, तो सव्वीसमध्ये येतोय, अडचण लेखीची, रात्री माझी पोरगी त्याचं गणित घेते. औंधवाल्यानं गावातल्या एकाला सोबत घेऊन स्वतःची रोपवाटिका टाकली, २,००० रोपांची पहिली ऑर्डर एका शेतकरी गटाची आली. तात्या इको बटालियनच्या भरतीची वाट बघतोय. आणि गावातला एक जण परत पुण्याला गेटवर गेला. घराचं कर्ज आहे, दर महिन्याला हप्ता आहे, आणि माझ्याकडं दर महिन्याला द्यायला काही नाही. जाताना स्वतःची वही मागून घेऊन गेला. पुढच्या वर्षी बॅच घ्यायची तर निदान सहा महिन्यांच्या मानधनाची सोय आधी करायची, त्यासाठी अर्ज लिहायला घेतलेत.

संध्याकाळी म्हसवडवाल्याचा फोन आला, डिसेंबरात घरी येतोय कायमचा. पहिलं विचारलं, लाईन कुणी पुरी केली का. म्हणलं नाही, खुंटी आहे तिथंच. तर म्हणला ठेवा तशीच. जाळपट्टा पण त्याच महिन्यात काढायचाय, त्याला तारीख सांगून टाकली.